आमचा जिना : एका घरगुती पत्राने शिकविलेले धडे

आपण कसे राहतो, काय खातो, दिवस कसा घालवितो, हे दुसऱ्यास सांगावे अशी इच्छा मनुष्यमात्रास स्वभावतःच असते. यात्रेहून परतलेला गृहस्थ शेजाऱ्यास वाटेतील हकीगत सांगतो. नळावर भेटलेल्या दोघी घरच्या लोणच्याविषयी बोलतात. मुलगा शाळेतून येताच दप्तर टाकून आईला दिवसाचा वृत्तांत ऐकवितो. हे सर्व एकाच इच्छेचे प्रकार होत. ही इच्छा वाईट नव्हे. परंतु ती लेखणीच्या द्वारे पुरी करू गेले असता, तोंडी गोष्टीत न भासणाऱ्या अनेक अडचणी उभ्या राहतात. त्या कोणत्या, व त्यांतून वाट कशी काढावी, हे या लेखात थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. यांतील पुष्कळसे ज्ञान प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकांपासून झालेले असल्यामुळे, प्रारंभी स्वतःविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे.

बदलापुरास स्टेशनाच्या पश्चिमेस आमची इमारत आहे. तीत अठ्ठावीस बिऱ्हाडे. २०१७ सालच्या जून महिन्यात मी एक घरगुती पत्र काढण्याचे ठरविले. पत्र म्हणजे काय, तर हाताने लिहिलेला एक मोठा कागद. तो दर रविवारी जिन्याच्या तळाशी असलेल्या फळ्यावर लावावयाचा व त्यात आपल्या नित्याच्या जीवनक्रमाविषयी काही मजकूर द्यावयाचा, इतकाच हेतू. त्यास ‘आमचा जिना’ असे नाव दिले.

पहिल्या अंकात मी काय लिहिले असेल? मुंबईतील श्रीमंतांच्या दिवाणखान्यांची सजावट! ती मी स्वतः कधी पाहिली नव्हती. इकडून तिकडून वाचलेले वर्णन आपल्या शब्दांत उतरविले होते. दुसऱ्या अंकात मी कधी न चाखलेल्या पक्वान्नांची प्रशंसा होती. अक्षर सुबक होते, भाषाही बरी होती. परंतु लोक येत, चप्पल घालीत व निघून जात. चौथ्या आठवड्यास विषय सुचेना, म्हणून निरुपायाने पहाटे पाणी येते तेव्हा आमच्या घरी काय धांदल उडते, कोणते पिंप आधी भरावे, कोणते मागून, व सहा पन्नासची लोकल गाठावयाची असता त्यातच डबा कसा तयार होतो, हे लिहिले. त्या रविवारी पाच मंडळी फळ्यापुढे उभी राहिली. एका वहिनींनी तर पिंपांचा क्रम चुकीचा आहे, असे मला बजावले! तेव्हा पहिला धडा मिळाला तो हा, की आपल्या जवळचे व आपण अनुभवलेले तेच लिहावे. उसन्या वैभवाचे वर्णन कोणासही नको असते; स्वतःच्या घरातील खरी गोष्ट सर्वांना हवी असते.

याचे थोर उदाहरण आपल्या भाषेतच आहे. कुलाबा, म्हणजे सांप्रतच्या रायगड, जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुकीनिमित्त उत्तर हिंदुस्थानात गेले व १८५७ च्या धामधुमीत सापडले. पुढे १८८३ साली त्यांनी आपल्या प्रवासाची हकीगत लिहून काढली. ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली छापून निघाली. गोडसे हे पंडित म्हणवून घेत नव्हते. परंतु आपण काय पाहिले, काय भोगले, हे त्यांनी सरळपणे सांगितले. म्हणून मोठमोठ्या इतिहासग्रंथांशेजारी त्यांचे लहानसे पुस्तक आजही मानाने उभे आहे.

दुसरा धडा नियमितपणाचा. प्रारंभीच्या उत्साहात मी दर रविवारचे वचन देऊन बसलो. तीन महिने ते पाळले; मग परीक्षांचे दिवस आले, घरी आजारपण आले, व फळा पाच आठवडे रिकामा राहिला. सहाव्या आठवड्यास कागद लावला तेव्हा तो वाचावयास कोणी थांबले नाही. वाचकाची सवय लागावयास महिने लागतात, मोडावयास पाच आठवडे पुरतात.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे चरित्र या कामी डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. सरकारी शाळेतील नोकरी सांभाळून त्यांनी १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले आणि जवळजवळ एकट्याने लिहून सात वर्षांत त्याचे ८४ अंक काढले. त्यांच्याही पुढे जाणारे उदाहरण विनायक कोंडदेव ओक यांचे. त्यांनी १८८१ साली मुलांकरिता ‘बालबोध’ मासिक काढले व १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. थोर पुरुषांची चरित्रे, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा मुलांस उपयोगी पडणारा मजकूर त्यांनी तेहेतीस वर्षे निष्ठेने पुरविला. एवढी शक्ती आपणांस नाही हे मान्य. परंतु त्यांच्यापासून इतके तरी घ्यावे, की जेवढे निभेल तेवढेच वचन द्यावे, व दिलेले पाळावे. मी साप्ताहिकाचे मासिक केले, तेव्हापासून खंड पडला नाही.

येथेच विस्ताराविषयीही सांगून ठेवतो. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ पत्रात जी १०८ पत्रे लिहिली, ती ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. लिहू लागले तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. ही पत्रे आटोपशीर आहेत. एका वेळी एक विषय घ्यावा, सांगावयाचे ते सांगावे व थांबावे, ही त्यांची रीत नवशिक्या लेखकास फार हितकर आहे.

तिसरा धडा सत्याचा. एका अंकात मी अंबरनाथच्या शिवालयाची सहल वर्णिली व ऐकीव माहितीवरून ते ‘दोन हजार वर्षांपूर्वीचे’ असे ठोकून दिले. दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीतील एका निवृत्त शिक्षकांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढून ठेवली. मी भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी समजाविले, की त्या देवळात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, चा शिलालेख असून त्यात शिलाहार राजा मामवाणी याचे नाव आहे. हजार वर्षांची भर मी एका ओळीत घातली होती! देऊळ एका स्टेशनाच्या अंतरावर, मी तेथे दहा वेळा गेलेलो. परंतु विचारण्याची तसदी घेतली नव्हती. पुढच्या अंकात वरच्या बाजूस, ठळक अक्षरांत, चूक कबूल केली. आश्चर्य असे, की त्या कबुलीने पत्राची पत घटली नाही, उलट वाढली.

चौथा धडा लोभाविषयी. पत्र लोक वाचतात असे पाहून एका मिठाईवाल्याने मला एक पेटी भेट दिली व ‘दोन चांगले शब्द लिहा’ असे सुचविले. मी पेटी घेतली आणि दोनच्या जागी दहा शब्द लिहिले. माझ्यावर विश्वास ठेवून तिसऱ्या मजल्यावरील एका कुटुंबाने पाहुण्यांकरिता तेथूनच मिठाई आणली. ती शिळी निघाली. त्या गृहस्थांनी मला दोष दिला नाही, फक्त विचारले, ‘तुम्ही विकत घेतली होती काय?’ या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून नियम केला, की कोणतीही वस्तू फुकट मिळाली असल्यास तसे स्पष्ट लिहावे. आणि असे लिहिण्यास लाज वाटत असेल, तर ती वस्तू घेऊ नये.

पाचवा धडा सर्वांत कठीण होता, व तो आठवला म्हणजे आजही मन खाली होते. आमच्या शेजारी एक वृद्ध सिंधी आजी राहतात. फाळणीनंतर त्या लहानपणी आईबापांसह कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आल्या. हजारो निर्वासित कुटुंबे तेथे राहत होती. त्याच वसाहतीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील भाग अजूनही ‘कँप नंबर एक’ ते ‘कँप नंबर पाच’ अशा नावांनी ओळखतात. एका संध्याकाळी जिन्यात बसून आजींनी मला त्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या. आई पापड लाटून विकी, थोरल्या भावास शाळा सोडून फेरी करावी लागली, एका हिवाळ्यात दोघा भावंडांत मिळून एकच पांघरूण होते. मला ते ऐकून भरून आले. मी मोठ्या आदराने सर्व लिहिले व रविवारी फळ्यावर लावले.

त्याच आठवड्यात त्यांच्या नातीस पाहावयास मंडळी येणार होती. ती आली, जिन्यापाशी थांबली, व वाचून वर गेली. लग्न पुढे जमले, त्यात काही बिघाड झाला नाही. परंतु आजी मला म्हणाल्या, ‘बेटा, ते मी तुला सांगितले होते; जिन्याला सांगितले नव्हते.’

मी कागद काढला व क्षमा मागितली. माझा हेतू शुद्ध होता, हे खरे. परंतु हेतूच्या शुद्धतेने दुसऱ्याच्या गोष्टीवर आपला हक्क उत्पन्न होत नाही. आपला जीवनक्रम लिहिताना त्यात आई, भावंडे, शेजारी, मित्र हे येणारच. त्यांच्या वाटेची गोष्ट त्यांना आधी वाचून दाखवावी व ‘नको’ म्हणाल्यास तेथेच सोडून द्यावी. दोन महिन्यांनी आजींनी आपण होऊन मला बोलाविले. ‘आता लिही’ म्हणाल्या. लिहून झाल्यावर सर्व वाचून घेतले, दोन वाक्ये खोडावयास लाविली, आणि शेवटी दाल पकवान करण्याची आपल्या आईची रीत घालावयास सांगितली. आमच्या पत्राचा सर्वांत अधिक वाचला गेलेला अंक तोच होय.

आता सहावा व शेवटचा धडा, असल्या लेखनाचा उपयोग काय, याविषयीचा. अठ्ठावीस बिऱ्हाडांपैकी नेमाने वाचणारे सात-आठच, हे पाहून मला वेळोवेळी खेद होई. २०१९ च्या जुलैअखेर उल्हास नदीस मोठा पूर आला. २७ जुलै रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकून पडली व सुमारे १०५० प्रवाशांची सुटका करावी लागली. ती वार्ता देशभर पोहोचली. आमच्या तळमजल्यातही पाणी शिरले. परंतु त्याची वार्ता कोणते वर्तमानपत्र देणार? ती ‘आमच्या जिन्या’ने दिली. पाणी कोणत्या पायरीस लागले, तळमजल्यावरील मंडळी कोणाकडे राहिली, कोणाच्या घरी मेणबत्त्या निघाल्या, कोणते सामान आधी वर न्यावयास हवे होते, हे सर्व त्यात तारीखवार होते. पुढल्या पावसाळ्याच्या तोंडी अशा काही लोकांनी तो जुना कागद मागितला, ज्यांना मी कधी फळ्यापुढे उभे राहिलेले पाहिले नव्हते. त्या पायरीवर आता तांबड्या रंगाची रेघ ओढलेली आहे. वाचकांची संख्या मोजीत बसू नये, हे मला त्या रेघेने शिकविले. नित्याचे वाटते म्हणून जे कोणी टिपून ठेवीत नाही, त्याचीच पुढे गरज पडते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांस असे काही सुरू करण्याची हौस असेल. आमचा कागद चुकला तर काढून घेता आला; परंतु आज हातातील फोनवरून लिहिलेले क्षणात शेकडो लोकांपुढे जाते, व एकदा गेलेले परत बोलाविता येत नाही. म्हणून वरील धड्यांची गरज तुम्हांस माझ्याहून अधिक आहे. आरंभ वहीत करा. एक महिनाभर रोज दहा ओळी लिहा : आज घरी काय शिजले व का, कोणती वस्तू दुरुस्त केली, गाडीत काय ऐकले. महिनाअखेर त्यांतील तीन उतारे निवडा. ज्यांचा उल्लेख आहे त्यांना वाचून दाखवा. तारखा व नावे जाणत्या माणसाकडून पडताळून घ्या. मगच ते इतरांपुढे ठेवा. आपले पूर्ण नाव, घरचा पत्ता अथवा कुटुंबाची खासगी बाब अपरिचितांच्या हाती देऊ नका.

पालकहो, आपणांसही एक विनंती. मुलाने लिहिलेले प्रथम वाचण्याचा मान आपण घ्यावा. त्यातील शुद्धलेखनाच्या चुका मागाहून दाखवाव्या; ‘हे खरे का?’ आणि ‘हे ज्याचे आहे त्यास विचारले का?’ हे दोन प्रश्न आधी करावे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांच्या आसपास होते. ते पत्र १८४० साली बंद झाले, तरी ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्र अजून पत्रकार दिन म्हणून पाळतो. लहान वयात, लहान प्रमाणावर, परंतु सचोटीने केलेला आरंभ वाया जात नाही.

‘आमचा जिना’ अद्याप चालू आहे. पुढील अंकात त्याच वहिनी पिंपांचा योग्य क्रम स्वतः लिहिणार आहेत.