पाऊल अडते कुठे?

मी हयातभर इमारतींचे नकाशे काढले. जिने किती रुंद, दारे कुठे, हे मोठ्या ऐटीत ठरवले. पण माणसे कशी चालतात हे मला शिकवले ते माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईच्या गुडघ्यांनी.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या विमानतळावर तिला घेऊन गेलो होतो. सामान देण्याचे काउंटर नुकतेच वाढवलेले. पाच मिनिटांत सुटका झाली. पुढे तपासणीचे दरवाजे मात्र पूर्वीइतकेच! पाऊण तास उभे. आई म्हणाली, "अरे, पंगतीत वाढपी दहा नि भात शिजवणारा एकच, अशातली गत दिसतेय!"

तिचे गणित बिनचूक होते. एका दरवाजातून मिनिटाला ३ माणसे सुटतात आणि ४ येतात असे धरा. अर्ध्या तासात ३० जणांची रांग होते, आणि मागून येणाऱ्याला १० मिनिटांची शिक्षा. दालन दुप्पट करा, संगमरवर घाला, रांग हलायची नाही. वाढवायची ती सर्वांत अरुंद जागा; आणि ती मोकळी केली की गर्दी पुढच्या दारावर जाऊन बसते!

आता आमच्या कामोठ्याजवळच, उलव्याची टेकडी कापून आणि नदी वळवून, नवी मुंबईचा विमानतळ झाला. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. झाहा हदीद यांच्या वास्तुसंस्थेने कमळाच्या कल्पनेवर आखलेली पहिली इमारत वर्षाला २ कोटी प्रवाशांसाठी आहे. पुरा आराखडा चार इमारतींचा, ९ कोटींचा. म्हणजे खरी कसोटी पुढच्या विस्ताराचीच. नदी वळवता आली, माणसे तशी वळत नाहीत. ती पाटी न वाचता पुढच्याच्या पाठीमागे चालतात. निरोप द्यायला आलेली मंडळी तर नेमकी दारातच थांबतात. (एकामागे चार निरोप देणारे, हे परदेशी पुस्तकांत कुठून असणार?) चेहरा पाहून दार उघडणारी डिजियात्रा आली, उत्तम झाले, पण पट्टा, पाकीट, पाण्याची बाटली काढायला वेळ लागायचा तो लागतोच.

या दिवाळीनंतर आईला नातीकडे बंगळूरला न्यायचे आहे, इथूनच. तिचा एकच प्रश्न : "दारापासून विमानापर्यंत टेकायला किती ठिकाणी मिळेल रे?"

चाळीस वर्षांत एकाही नकाशावर मी हे मोजले नव्हते.