हातभट्टी, मशेरी आणि पांढरी पूड

दारू बंद करून दोन दिवस झालेले असतात. घरातल्यांना वाटतं, सुटला एकदाचा. तिसऱ्या रात्री मात्र माणूस ओरडत उठतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, दारात कुणीतरी कोयता घेऊन उभं आहे असं तो सांगतो, हात थरथरतात, अंगाला दरदरून घाम सुटतो आणि समोर उभी असलेली बायको त्याला ओळखू येत नाही. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर अशा वेळी अनेकदा पहिली धाव भगताकडे जाते. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लागतो, उतारा होतो आणि त्यात एक-दोन मोलाचे दिवस जातात.

ही बाधा नाही. वैद्यकात तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेत स्वतःची उत्तेजना वाढवत नेतो. दारू एकदम थांबली की गुंगी ओसरते, उत्तेजना मात्र तशीच राहते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण ४८ ते ७२ तासांच्या सुमारास भास आणि भ्रम. उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. रुग्णालयात वेळेवर पोचला तर शामक औषधं, सलाईन आणि बी-१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांवर तो बहुधा काही दिवसांत भानावर येतो. थायमिनला इथे फार महत्त्व आहे. जेवण सोडून पिणाऱ्याच्या शरीरात ते जवळजवळ संपलेलं असतं. त्याची भरपाई न करता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊन स्मरणशक्ती जाऊ शकते.

व्यसनाच्या बातम्या वाचताना हे चित्र डोळ्यांपुढे येत नाही. बातमी होते ती कोट्यवधींच्या एमडी या अमली पदार्थाची. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली आणि २०१९ मध्ये तिचा अहवाल आला. त्यानुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, गांजा-भांग-चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख, तर अफूपासूनचे किंवा तशा परिणामाचे पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड-शहापूर या दोन तालुक्यांतही शरीरं पोखरली जातात ती आधी दारू आणि तंबाखूने. बाकीच्यांचा नंबर त्यानंतर लागतो.

हातभट्टीचं तंत्र ओढ्याकाठच्या झाडीत चालतं. काळा गूळ आणि नवसागर पाण्यात घालून काही दिवस आंबवायचं, मोहाचा हंगाम असेल तर फुलंही घालायची. या आंबलेल्या रसायनाचं पिंप चुलीवर चढवायचं आणि वाफ थंड करून थेंब थेंब गोळा करायचे. पहिल्या धारेची म्हणजे कडक, तिला भाव जास्त. किती कडक ते कुणीच मोजत नाही. दुकानातल्या बाटलीवर निदान प्रमाण छापलेलं असतं. गावठीचा एक ग्लास आज सौम्य तर उद्या दुप्पट जहाल निघतो, आणि पिणारा मात्र ग्लासच मोजत राहतो.

पोटात गेल्यावर मार बसतो यकृतावर. आधी त्यात चरबी साठते. या टप्प्यावर दारू थांबली तर यकृत बरंच सावरतं. पुढे ते आक्रसून टणक होतं, पोटात पाणी भरतं, डोळे पिवळे होतात आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. स्वादुपिंडाला सूज येते, पायांच्या नसा बधिर होतात. तोंड, घसा, यकृत आणि स्तनाचा कर्करोग यांच्याशीही दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे. मोहाची दारू शुद्ध, ती बाधत नाही, हे ऐकायला गोड असलं तरी यकृताला त्यातला फरक कळत नाही. अल्कोहोल तेच आहे.

विषारी दारूचं प्रकरण वेगळं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलने. हा कारखान्यात लागणारा द्रावक स्वस्त पडतो म्हणून दारूत मिसळला जातो. चवीला, वासाला फारसा फरक लागत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल व्हायला वेळ लागतो, म्हणून पिणारा रात्री नीट झोपतो आणि दुसऱ्या दिवशी पोटात कळा, धाप, डोळ्यांपुढे धुकं अशी लक्षणं दिसू लागतात. दृष्टीची नस आधी जाते. दारू पिऊन दुसऱ्या दिवशी कुणी ‘धूसर दिसतंय’ म्हणाला, तर लिंबूपाण्यात एक मिनिटही घालवू नये. डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठावं, आणि सोबत पिणाऱ्या बाकीच्यांनाही हुडकून न्यावं.

या भागात दारूमागे सरकारचा हातही जुना आहे. ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी यांच्याकडे मोह हे अन्न होतं, औषध होतं आणि देवाला चढवायचं पेयही होतं. ब्रिटिशांच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची दारू गुन्हा ठरली आणि ठेकेदाराचं दुकान कायदेशीर झालं. त्यानेही भागेना, तेव्हा १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी म्होवरा कायदा आला आणि मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. महसूल वाढावा हाच त्यामागचा हेतू. या ठेकेदारांविरुद्ध आदिवासी उठलेही. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरून सुरू झालेली देवीची चळवळ दक्षिण गुजरातपर्यंत पसरली. देवी अंगात आलेल्यांच्या तोंडून ‘दारू सोडा’ असा आदेश येई आणि गावंच्या गावं ती सोडत. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. आदिवासी म्हणजे पिणाराच, असं सहज बोलून जाणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

तंबाखूला तर व्यसन म्हणायचीही पद्धत नाही. चुलीवर तवा ठेवून तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची, ही मशेरी. दिवसाची सुरुवात तिने होते. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर जातात. बयाणा आधीच घेतलेला असतो, हातात येते ती आठवड्याची खर्ची. पहाटेपासून चिखल तुडवताना भूक मारायला मशेरी कामी येते, कारण निकोटीन भूक दाबतं. त्याची किंमत पोटातलं मूल मोजतं. मुंबईतल्या गर्भवतींचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी जन्मली, असं त्यात आढळलं. जिथे आईच अशक्त आहे, तिथे हे १०५ ग्रॅम फार मोठे असतात. अंगणवाडीत मुलाचं वजन भरत नाही म्हणून आहाराची चर्चा होते आणि आईच्या मशेरीबद्दल कुणी विचारतही नाही, ही गोष्ट मनाला फार लागते.

गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे, तरी मोकळ्या पुड्या रस्त्याकडेला पडलेल्या दिसतात. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. सुपारी-चुना-तंबाखूच्या सततच्या माऱ्याने गालाची आतली त्वचा ताठ होते, तिखट सोसत नाही, मग तोंड उघडणं कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर लगेच तपासून घ्यावं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, हीही तशीच चिन्हं.

आता रस्त्यांकडे. शहापूरमधून मुंबई-नाशिक महामार्ग कसारा घाटाकडे चढतो, मुरबाडमधून कल्याण-नगर रस्ता माळशेजला जातो. लोकलने आसनगाव-कसाऱ्याची पोरं रोज ठाणे-कल्याणला नोकरीला, कॉलेजला जातात. शहरात जे मिळतं ते संध्याकाळी गावातही येतं. भिवंडी परिसरात कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचे साठे वारंवार पकडले गेले आहेत. कोडीन हा अफूचाच भाऊबंद, यकृतात त्याचं काही प्रमाणात मॉर्फिन होतं. खोकल्यासाठी चमचाभर घ्यायचं औषध अख्खी बाटली रिचवलं, की गुंगी येते, बद्धकोष्ठता होते, श्वास मंदावतो. घाटापलीकडे मालेगावात अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. झोपेच्या अशा गोळ्या दारूबरोबर घेतल्या तर झोपेतच श्वास थांबू शकतो. रोज घेणाऱ्याने त्या एकदम बंद केल्या तरी फिट येऊ शकते, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. नाकाने ओढलं की उत्साह, बडबड, आत्मविश्वास यांना उधाण येतं, दोन-तीन तासांत ते ओसरतं आणि लगेच पुन्हा हवंसं वाटतं. त्यामुळे रात्रभर चक्र थांबत नाही. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, झोप-भूक उडते, वजन झरझर उतरतं, नाकातून रक्त येतं. ‘माझ्यावर पाळत आहे’ असा संशय घर करतो. पंचविशीतल्या मुलालाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून एमडीचा प्रचंड साठा पकडला. कुरकुंभही दौंड तालुक्यातलं गाव. साधी रसायनं, एखादी शेड आणि वर्दळ नसलेली जागा एवढ्यावर हा कारखाना चालतो, तेव्हा मुरबाड-शहापूरमध्ये फार्महाऊस भाड्याने देणाऱ्यांनी आणि ग्रामपंचायतींनी भाडेकरू कोण आहे, हे डोळे उघडे ठेवून पाहायला हवं.

गांजाबद्दल ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हा समज तरुणांत पक्का आहे. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू केलेला रोजचा गांजा स्मरण, एकाग्रता कमी करतो आणि ज्यांच्या घराण्यात मानसिक आजार आहे त्यांच्यात तो आजार लवकर उफाळून येऊ शकतो. लहान मुलांत पंक्चरचं सोल्यूशन आणि व्हाइटनर हुंगण्याचा प्रकार आहे. एम्सच्या त्याच पाहणीत असे पदार्थ हुंगणाऱ्यांचं प्रमाण मुलांमध्ये मोठ्यांच्या दुप्पट आढळलं. असं हुंगताना पहिल्याच वेळी हृदय बंद पडून मृत्यू होऊ शकतो. मुलाच्या तोंडाभोवती पुरळ दिसलं किंवा कपड्यांना रसायनाचा वास आला तर मार देऊ नका. बसवून विचारा.

दारूच्या दुकानांवर मात्र गावातल्या बायांनी स्वतःचा मार्ग काढला आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की सरकारमान्य दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीच्या चिन्हावर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. हातभट्टीला मात्र परवानाच नसतो, त्यामुळे तिच्यासाठी मतदान नाही. तिथे पोलीस पाटील, उत्पादन शुल्क खातं आणि गावाची चिकाटी यांवरच भिस्त.

उपचारांची वाट महाराष्ट्रात जुनीच आहे. ‘गर्द’ हे पुस्तक लिहिणारे डॉ. अनिल अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहावं. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतीभिंतीवर दिसतात आणि हताश झालेली बायको भाजीत पूड कालवते. अशा पुड्यांत काय असतं ते कळायला मार्ग नसतो. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि नवरा वर दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून तो जागेवर जाऊ शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरांनीच द्यायचं असतं. शहापूरच्या उपजिल्हा किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात नेताना, पायाला लागलं म्हणून नेत असाल तरीसुद्धा, तो रोज किती पितो, शेवटची कधी प्यायला, गोळ्या घेतो का, आधी कधी फिट आली होती का, हे न लपवता सांगावं. ॲडमिट झालेल्या माणसाची दारू तिथे आपोआप बंद होते आणि तिसऱ्या रात्री काय होऊ शकतं याची तयारी डॉक्टरांना त्या माहितीवरच करता येते.