चावणारा बूट संरक्षण देत नाही

पायावर जड वस्तू पडली तर बोटे वाचावीत म्हणून कारखान्यात सेफ्टी शूज घालावे लागतात. पण आठ-नऊ तास मशिनपुढे उभे राहणाऱ्याची तक्रार वेगळीच असते. करंगळी सोलवटते, तळवे जळजळतात, पोटऱ्या भरून येतात. मग कोणी लेस सैल सोडतो, कोणी मागची बाजू दुमडून बूट चपलेसारखा घालतो, तर कोणी सरळ चप्पल घालूनच कामाला उभा राहतो. अपघाताला एक क्षण पुरतो. म्हणूनच सेफ्टी शूजमधला आराम ही चैन नव्हे, तो सुरक्षिततेचाच भाग आहे.

आधी शिक्का पाहा

बूट जाड आणि काळा दिसला म्हणजे तो सेफ्टी शूज झाला असे नाही. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस 15298 हा क्रमांक पाहा. या मानकाचे भाग आहेत. भाग 2 मधील बुटाची टो-कॅप 200 ज्यूलचा आघात सोसते. म्हणजे साधारण 20 किलोचे वजन एक मीटरवरून पडले तरी बोटे सुरक्षित राहावीत. भाग 3 मधील बुटाची क्षमता याच्या निम्मी, 100 ज्यूल असते. भाग 4 मधील बुटांना टो-कॅपची अटच नसते. जड सामान हाताळायचे असेल तर भाग 2 चाच बूट घ्या.

टो-कॅप स्टीलची की फायबरची?

दोन्ही प्रकार त्याच चाचणीत उतरलेले असतील तर संरक्षण सारखेच मिळते. फायबरची टो-कॅप वजनाला हलकी असते आणि लवकर तापत नाही. दिवसभर चालणे-उभे राहणे असेल तर हा फरक संध्याकाळी पोटऱ्यांना जाणवतो. स्टीलची टो-कॅप पातळ असल्याने बुटाचे टोक कमी जाड दिसते.

माप घेताना

साधा चामडी बूट वापरून सैल होतो, टो-कॅप मात्र तसूभरही ताणत नाही. तेव्हा 'घालून घालून बसेल' या दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबू नका. पुढील गोष्टी जरूर करा :

• बूट संध्याकाळी घ्या. दिवसभराच्या उभे राहण्याने पाय थोडे सुजलेले असतात.

• कामावर घालता तेच जाड मोजे घालून बघा.

• दोन्ही पायांत बूट घाला. एक पाय मोठा असेल तर त्याचे माप धरा.

• उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

• चवड्यावर बसून बघा. टो-कॅपची कड बोटांवर रुतली तर तो बूट नको.

• चालताना टाच वर सरकता कामा नये.

स्त्रियांनी पुरुषांचा लहान नंबर घेऊन वेळ मारून नेऊ नये. स्त्रियांची टाच बहुधा अरुंद असते, त्यामुळे पुरुषी बूट पुढे घट्ट आणि मागे सैल होतो. स्त्रियांसाठी बनवलेलाच बूट मागा. कंपनीकडून बूट मिळत असतील तरी चुकीचे माप मुकाट्याने घेऊ नका, बदलून मागा.

सोल कसा असावा?

सपाट सिमेंटच्या फरशीवर उभे राहायचे असेल तर पीयू सोल चांगला. तो हलका असून धक्का शोषतो. तापलेल्या धातूजवळ काम असेल तर उष्णता सोसणारा रबरी सोल हवा. पत्रे-खिळ्यांत वावर असेल तर तळाला खिळारोधक थर असलेला बूट घ्या. पीयू सोल दमट हवेत वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला तरी भुसभुशीत होतो, त्यामुळे सवलतीतला जुना माल घेताना उत्पादनाची तारीख पाहा.

घरी घ्यायची काळजी

शक्य असल्यास दोन जोड आलटून-पालटून वापरा. ओले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवा. मोजे रोज धुतलेले हवेत. टो-कॅपवर जोराचा आघात झाला असेल तर बूट वरून ठीक दिसला तरी बदला.

मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळवे आणि बोटांमधली जागा तपासावी. पायाची संवेदना कमी झाल्यास फोड आलेला कळतही नाही. सकाळी पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येत असेल आणि ती रोजचीच झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

बूट कितीही चांगला असला तरी सतत उभे राहण्याला तो एकटा पुरा पडत नाही. पायाखाली रबरी चटई, एक पाय टेकवायला ठेंगणी पाट आणि अधूनमधून बसायला स्टूल, एवढ्यानेही पायांचा शीण कमी होतो. 1948 च्या कारखाना कायद्यानेच, कलम 44 मध्ये, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय करायला सांगितले होते. ती मागण्यात संकोच कसला?