ओल्ड इज गोल्ड... पण कुणासाठी?

न्यूयॉर्कच्या १०१.१ एफएमवर एका शुक्रवारी जुनी गाणी अचानक बंद झाली. ती परत आली तोवर दोन वर्षं उलटून गेली होती. एका रेडिओ स्टेशनची ही ‘कमबॅक स्टोरी’!

३ जून २००५. वीकेण्डचा मूड, ऑफिस सुटायची वेळ. न्यूयॉर्ककरांनी गाडीत बसून सवयीनं डब्ल्यूसीबीएस-एफएम लावलं. फ्रँक सिनात्राचं गाणं संपलं आणि पाठोपाठ चक्क बीस्टी बॉईज दणदणायला लागले! कुणाला वाटलं, चुकून दुसरंच स्टेशन लागलं. पण आकडा बरोबर होता, स्टेशनच बदललं होतं. तेहतीस वर्षांची ओळख एका संध्याकाळीत पुसली गेली. नवं नाव होतं ‘जॅक एफएम’.

पंधरा वर्षं जुनं म्हणजे ‘जुनं’

हे स्टेशन मुळात जुन्या गाण्यांचं नव्हतंच. साठच्या दशकात तिथे ‘द यंग साऊंड’ नावाखाली हलकंफुलकं वाद्यसंगीत वाजायचं, मग काही काळ रॉक. दोन्हींनी फारशी कमाल केली नाही. शेवटी ७ जुलै १९७२ ला मालकांनी ‘ओल्डीज’ हा फंडा आणला.

गंमत बघा, तेव्हाची ही ‘जुनी’ गाणी बरीचशी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचीच होती. म्हणजे आजच्या हिशेबात तुम्ही कॉलेजात असताना डाऊनलोड केलेली! पण मधल्या काळात बीटल्स आले, व्हिएतनामचं युद्ध पेटलं, जग इतकं बदललं की १९५७ चं गाणंसुद्धा मागच्या जन्मातलं वाटायला लागलं.

शिवाय यातली कितीतरी गाणी याच शहराच्या फुटपाथवर जन्मली होती. हार्लेम, ब्रूकलिन, ब्राँक्समधली पोरं कोपऱ्यावर उभी राहून, वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजांवर गायची. त्यालाच ‘डू-वॉप’ म्हणतात. डियॉन अँड द बेलमॉण्ट्स या ग्रुपचं नाव तर ब्राँक्समधल्या बेलमॉण्ट अ‍ॅव्हेन्यूवरूनच आलं. डॉन के. रीडचा ‘डू-वॉप शॉप’ हा रविवार रात्रीचा कार्यक्रम १९७५ पासून २००२ पर्यंत चालला.

आवाजाचे राजे

साठच्या दशकात न्यूयॉर्कचा रेडिओ म्हणजे डब्ल्यूएबीसी. १० मे १९८२ ला त्यानं संगीत सोडून गप्पांचा रस्ता धरला. तिथले एकेक दिग्गज सीबीएस-एफएमवर जमले. सकाळचा लाडका हॅरी हॅरिसन १९८० मध्येच आला होता. मग ‘कझिन ब्रूसी’ ऊर्फ ब्रूस मॉरो, १९८४ मध्ये रॉन लंडी आणि पुढे डॅन इनग्रॅम. १९८१ पासून प्रोग्रॅमिंगची सूत्रं जो मॅककॉय यांच्याकडे होती. गाणीही तीच, आवाजही तेच! शाळेत असताना ज्यांना ऐकलं, तेच आता ऑफिसला जाताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होते. स्टेशन सुस्साट सुटलं.

वय वर्षं चोपन्न

मग एवढं सगळं बंद का केलं? श्रोते नव्हते म्हणून? छे! श्रोते होते, पण त्यांची वयं वाढली होती. अमेरिकन रेडिओचं गणित जाहिरातींवर चालतं आणि जाहिरातदारांना हवे असतात साधारण २५ ते ५४ वयाचे श्रोते. पंचावन्नावा वाढदिवस झाला की तुम्ही रेडिओ कितीही ऐका, हिशेबातून जवळजवळ आऊट!

त्यात २००१ मध्ये आयपॉड आला. गाणी उलटसुलट वाजवायची ‘शफल’ची चटक लोकांना लागली. कॅनडातून आलेल्या ‘जॅक’नं तोच मसाला रेडिओवर आणला: कुठल्याही काळातलं कुठलंही गाणं, आरजे नाहीत, अधूनमधून रेकॉर्ड केलेला एक खवचट आवाज. न्यूयॉर्कसोबत त्याच दिवशी शिकागोचं ओल्डीज स्टेशनही ‘जॅक’ झालं.

न्यूयॉर्ककर खवळले. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनीही जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली. कझिन ब्रूसी सॅटेलाइट रेडिओवर गेले. खरं तर जुनी गाणी इंटरनेटवर सुरूच ठेवली होती. ती कुठेही मिळत होतीच की! हरवला होता तो ट्रॅफिक, पाऊस आणि कालची बेसबॉल मॅच यावर बोलणारा ओळखीचा माणूस. ‘जॅक’चं रेटिंग घसरलं ते घसरलंच.

एक वाजून एक मिनिट

१२ जुलै २००७. दुपारी बरोबर १ वाजून १ मिनिटांनी, म्हणजे स्टेशनच्या १०१ या आकड्यालाच सलाम करत, सीबीएस-एफएम परतलं. बॉब शॅनन, डॅन टेलर अशी जुनी मंडळीही परतली. पण गाण्यांची यादी तीच नव्हती. पन्नाशीच्या दशकातली बहुतेक गाणी गळली, भर साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांवर आला. ‘ओल्डीज’ हा शब्द मागे पडून ‘क्लासिक हिट्स’ आला. डाव फळला. पुढच्या काळात हे स्टेशन न्यूयॉर्कच्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या स्टेशनांमध्ये जाऊन बसलं.

२०१७ मध्ये सीबीएस रेडिओ एण्टरकॉम कंपनीत विलीन झाला. तीच कंपनी २०२१ मध्ये ‘ऑडसी’ झाली आणि २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून कर्ज हलकं करून बाहेर पडली. १०१.१ वरची गाणी मात्र सुरूच राहिली. आता तिथे नव्वदच्या दशकातलीही गाणी वाजतात.

म्हणजे ‘क्लासिक’ कुठलं, हे गाणं ठरवत नाही. ते ठरवतं श्रोत्याचं वय, आणि त्या वयाला किती भाव आहे त्यावर. डू-वॉपवर जीव टाकणाऱ्या आजोबांना त्यांचं स्टेशन परत मिळालं, पण त्यांची गाणी नाही मिळाली. यादी दरवर्षी थोडी पुढे सरकते. पुढच्या पगारवाढीची वाट बघणाऱ्या आपल्या पिढीची गाणीही एक दिवस त्या यादीत शिरतील... आणि एक दिवस गळतील! तेव्हा आज हेडफोनमध्ये जे वाजतंय ते मनसोक्त ऐकून घ्या. चोपन्नला अजून बराच वेळ आहे!