बोटाएवढी छपाई

सिगारभोवतीच्या कागदी पट्टीला प्रत्येक भाषेने आपल्या नजरेने नाव दिले आहे. क्यूबात ती ‘आनिया’, म्हणजे छोटी अंगठी. फ्रेंचांनाही ती अंगठीच दिसली. जर्मनांना मात्र पोटावरचा पट्टा. मला अंगठी पटते, कारण सराफाने दागिन्यावर घ्यावी तेवढी मेहनत या कागदावर झालेली आहे.

तिचा जन्म मात्र शोभेसाठी नाही. एकोणिसाव्या शतकात हवानाच्या सिगारला युरोपात मागणी वाढली आणि पाठोपाठ नकली मालही आला. खोक्यावर शिक्का असून भागत नव्हते. रिकाम्या खोक्यात कुणीही दुसरा माल भरू शके. युरोपातून येऊन हवानात स्थिरावलेला कारखानदार गुस्ताव बॉक याने प्रत्येक सिगारलाच आपल्या नावाची पट्टी घातली, असे सहसा मानले जाते. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन बोटे खराब होऊ नयेत म्हणून सिगारला रेशीम गुंडाळी, ही गोष्ट ऐकायला गोड आहे. पण मला व्यापाऱ्याची ही काळजीच जास्त खरी वाटते.

पट्टी देखणी झाली ती शिळाछापामुळे. 1796 च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डरने बव्हेरियात ही रीत शोधली. झोल्नहोफेनच्या गुळगुळीत चुनखडीवर तेलकट शाईने चित्र काढायचे आणि दगड ओला करायचा. ओला भाग छपाईची शाई झिडकारतो, चित्र ती धरून ठेवते. रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. नखाएवढ्या राजाच्या चेहऱ्यासाठी कारागीर भिंगाखाली ठिपक्यांमागून ठिपके देत बसे. गालाचा गुलाबी एका दगडावर, दाढीची सावली दुसऱ्यावर. कागद केसभर सरकला की ओठ हनुवटीवर उतरलेच. सोनेरी भागासाठी आधी चिकट थर छापून त्यावर पितळी भुकटी धरवत. शेवटी पोलादी ठशाखाली दाबले की पदके, मुकुट, नाण्यांच्या कडा वर उठत. जुनी पट्टी डोळे मिटून चाचपावी; पदक बोटाला लागते. आपल्याकडे मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातही चित्रे दगडावरूनच निघत. भिंतीवरची ती लक्ष्मी आणि हवानाची ही अंगठी एकाच घराण्यातल्या.

पुढे फोटो-ऑफसेट आले, दगड मागे पडले. छपाई स्वस्त आणि सपाट झाली. हे नुकसान मला लहान वाटत नाही.

जमवणाऱ्यांना या कागदाचा एक गुण फार उपयोगी पडला. डिंक फक्त पट्टीच्या दोन टोकांना जोडतो, तंबाखूच्या पानाला नाही. सिगार थोडी ओढून झाली की उबेने डिंक सैल होतो आणि पट्टी अलगद निघते. घाई केली तर कागदही फाटतो आणि पानही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशा पट्ट्या काचेच्या ताटल्यांच्या मागच्या बाजूला चिकटवायची टूम होती. काचेतून राजे, राण्या, ढाली गोल रांगेत दिसत.

नेदरलँड्समध्ये हा छंद मुलांच्या हातात गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कंपन्या संग्रहासाठीच मालिका छापू लागल्या. एक पट्टी कमी पडली की मुले काकांच्या, शेजाऱ्यांच्या मागे लागत. यांतल्या पुष्कळशा पट्ट्यांत जुनी नजाकत नाही, पण एवढ्या घरांतून एवढी आतुरता जागवणे हेही छपाईचेच काम. याच देशातल्या आइंडहोव्हनचे हेन्री व्हान आब्बे ‘कारेल I’ सिगार बनवत. त्या सिगारच्या पैशातून 1936 मध्ये उभे राहिलेले व्हान आब्बे संग्रहालय आज आधुनिक कलेसाठी ओळखले जाते.

नेदरलँड्समधल्याच फोलेंडाम या मासेमारीच्या गावात निको मोलेनार यांनी 1947 मध्ये पट्ट्या चिकटवून चित्रे करायला घेतली. तिथल्या संग्रहालयात या चित्रांच्या खोल्यांत आता सुमारे 1 कोटी 10 लाख पट्ट्या भिंतींवर आहेत. स्वातंत्र्यदेवीचा पुतळासुद्धा तिथे उभा आहे, रंगाचा एकही फटकारा न मारता, केवळ या कागदी अंगठ्यांचा.