लेखन माझे, की यंत्राचे?

गेल्या वर्षी आमच्या मराठी वाङ्मय मंडळाने निबंधस्पर्धा जाहीर केली. विषय होता 'माझे गाव'. विषय सोपा, मुदत आठ दिवसांची. आणि सातव्या दिवसापर्यंत मी एक ओळही लिहिली नव्हती. शेवटच्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत मोबाइल हातात घेतला आणि चॅटजीपीटीला सांगितले, 'माझे गाव या विषयावर पाचशे शब्दांचा सुंदर निबंध लिहून दे.' मिनिटभरात निबंध तयार! हिरवीगार शेते, झुळझुळ वाहणारा ओढा, पारावर गप्पा मारणारी वडीलधारी माणसे, देवळातला घंटानाद. वाचून मलाच माझे कौतुक वाटले. निबंध कागदावर उतरवला आणि दुसऱ्या दिवशी देऊन टाकला.

चार दिवसांनी सरांनी मला बोलावले. टेबलावर माझा निबंध होता आणि शेजारी आणखी एका विद्यार्थ्याचा. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण ओढा तोच, पार तोच, घंटानादही तोच! सर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तुझे गाव माण तालुक्यातले ना? मग हा ओढा कुठला?"

मला उत्तर देता आले नाही. सातारा जिल्ह्यातला आमचा माण तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात पाण्याचा आवाज यायचा तो टँकरच्या नळीचा. मी निबंध परत घेतला. पण यंत्राने माझ्या गावात ओढा आणलाच कसा, हा प्रश्न मनातून जाईना. त्याचा माग काढताना जे समजले, ते आपल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या यंत्रामागची कल्पना तशी जुनी आहे. १९१३ साली आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातली २०,००० अक्षरे घेतली आणि स्वरामागून स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा येते, हे हाताने मोजले. पुढे १९४८ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन याने हाच हिशेब शब्दांना लावला आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव आहे हे पाहत इंग्रजीसारखी भासणारी वाक्ये जुळवून दाखवली. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडली. तिच्यामुळे मागचा बराच मोठा मजकूर एकत्र विचारात घेऊन पुढचा शब्द ठरवणे यंत्राला साधले. या रचनेवर उभारलेले चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले.

थोडक्यात सांगायचे म्हणजे, माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर या यंत्राला पढवलेला असतो आणि त्यावरून ते पुढे काय येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधते. 'गावाजवळून झुळझुळ' एवढे म्हटले, की आपल्याही तोंडी 'वाहणारा ओढा' येतोच ना? यंत्राचेही तसेच. हजारो निबंधांतून ओढा वाहत आला आहे, म्हणून माझ्याही गावातून वाहिला. त्याने खोटेपणा केला असे नाही. माझे गाव कोणते, हे मी त्याला सांगितलेच नव्हते! मागणी सर्वसाधारण, म्हणून माल सर्वसाधारण. आणि आम्हा दोघांची मागणी एकच असल्यामुळे दोघांच्या पदरात एकच गाव पडले.

मग हे यंत्र वापरूच नये काय? मला तसे वाटत नाही. स्पर्धा संपल्यावर मी तोच विषय पुन्हा घेतला. या वेळी यंत्राला म्हटले, 'तू लिहू नकोस. २०१९च्या दुष्काळात मी आजोबांबरोबर चारा छावणीत राहिले होते. त्याबद्दल मला एकेक प्रश्न विचार.' त्याने विचारले, 'छावणीत सकाळी पहिला आवाज कोणता येत असे?' मी थबकले. मग आठवले: चाऱ्याची ट्रॉली अजून लांब असायची, आम्हाला काही ऐकू यायचे नाही, पण आमचा खिल्लार बैल कान टवकारून उभा राहायचा. त्याच्याकडे बघून सारी रांग उठायची. दुसरा प्रश्न आला, 'आजोबा कोठे झोपत?' आबा बैलाशेजारीच झोपत, दाव्याचे टोक मनगटाला गुंडाळून; बैल उठला की आपल्याला कळावे म्हणून. सहा वर्षांत या गोष्टी मी कोणाला सांगितल्या नव्हत्या, कारण कोणी विचारल्या नव्हत्या. त्या रात्री मी चार पाने लिहिली आणि ती माझी होती.

पुढे मात्र सावध राहावे लागले. लिहिलेली पाने मी त्याला तपासायला दिली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्याने बऱ्या दाखवल्या. एक परिच्छेद दोनदा तेच सांगतो, हेही बरोबर दाखवले. पण 'आबांनी दावे मनगटाला गुंडाळले' या वाक्यावर त्याची सूचना आली, की येथे 'दावे मांडले' असे हवे! गुराचे दावे आणि कोर्टातले दावे यांत त्याने गल्लत केली. शिवाय शेवटी 'आबांच्या डोळ्यांत अश्रू तरळले' असे एक वाक्य स्वतःच घालून ठेवले. आमचे आबा रडले नव्हते. बैल परत घरी आला त्या दिवशी त्यांनी फक्त गोठा झाडला. मी ते वाक्य काढले.

याहून मोठा धोका खोट्या माहितीचा. १९७२च्या दुष्काळाविषयी पुस्तक विचारले, तर यंत्राने नाव आणि लेखक दोन्ही ठणकावून सांगितले. ग्रंथपालांनी आणि मी तासभर शोधले. असे पुस्तकच नव्हते! २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी यंत्राने रचलेले, मुळात अस्तित्वात नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. संभाव्य ते सांगणे हे यंत्राचे काम. खरे की खोटे, हे पाहणे आपले.

याउलट उदाहरणही आहे. जपानी लेखिका रिए कुदान यांना जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा पारितोषिक मिळाले, तेव्हा कादंबरीत चॅटजीपीटीची काही वाक्ये जशीच्या तशी घेतल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. त्यावर बरीच चर्चा झाली. पण त्यांनी काही लपवले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

माझ्यापुरते मी काही नियम केले आहेत. पहिला खर्डा स्वतःच्या हाताने लिहायचा. यंत्राला उत्तरे मागण्याऐवजी प्रश्न मागायचे. त्याने दिलेले प्रत्येक नाव आणि साल ग्रंथालयात पडताळायचे. त्याने सुचवलेला शब्द आपल्या घरात कोणी बोलते का, हे पाहायचे. आणि मदत घेतली असेल तर तसे सांगायचे. या लेखासाठीही मी शुद्धलेखन त्याच्याकडून तपासून घेतले आहे.

सुट्टीत गावी गेल्यावर ती चार पाने मी आबांना वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, "सगळं बरोबर हाय. पण पयल्या दिवशी ट्रॉली आलीच नव्हती. त्या रात्री बैल उपाशी होता, आन् म्हणून मी जागा होतो. ते लिव्ह."

ते वाक्य कोणत्याही यंत्रात नव्हते. माझ्याही आठवणीत नव्हते. लिहिणाऱ्याने यंत्राला अवश्य विचारावे. पण त्याआधी आणि त्यानंतर आपल्या माणसांना विचारावे, एवढीच माझी विनंती.