खुबा, कूस आणि दोन इंचांचा फोम

पॅन्टचा खिसा जिथे संपतो त्या उंचीवर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला तळहात टेकवा आणि उभ्याउभ्याच पाऊल आत-बाहेर वळवा. हाताखाली एक टणक उंचवटा पुढे-मागे सरकताना लागेल. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा हा बाहेर आलेला भाग, वैद्यकीय भाषेत ग्रेटर ट्रोकँटर. कुशीवर झोपलं की कमरेखालच्या भागाचा बराचसा भार या एवढ्याशा उंचवट्यावर येतो. हाड आणि गादी यांच्यात तिथे असतं काय? कातडी, थोडी चरबी, एक पातळ द्रवाची पिशवी आणि नितंबाच्या स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे.

रात्री दोन-तीनच्या सुमारास जाग येते, कूस बदलली की थोडं बरं वाटतं, मग दुसरी बाजू ठणकू लागते. अशी तक्रार करणाऱ्यांत चाळिशी-साठीच्या बायका जास्त. पूर्वी डॉक्टर म्हणायचे, द्रवाच्या पिशवीला सूज आली आहे. सोनोग्राफी आणि एमआरआय सर्रास होऊ लागल्यावर कळलं की बहुतेकांचं दुखणं त्या पिशवीत नसून कंडऱ्यांत असतं. झिजत चाललेला कंडरा ताण एक वेळ सोसतो, पण दाब त्याला अजिबात सोसत नाही. आणि कुशीवरची झोप म्हणजे तासन् तासांचा दाब.

यावर घरातून पहिला सल्ला मिळतो तो कडक गादीवर झोपण्याचा, नाहीतर थेट जमिनीवर. हा सल्ला मुळात पाठीसाठीचा, आणि पाठीलाही तो फारसा लागू पडत नाही. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या 313 जणांवर एक चाचणी झाली. ती 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. निम्म्यांना कडक गादी दिली, निम्म्यांना मध्यम. 90 दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. तरीही आपल्याकडे काथ्याच्या फळीसारख्या टणक गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ असं छापलं की ती औषधासारखी खपते. त्या शब्दामागे कुठल्या डॉक्टरची चिठ्ठी नसते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

खुब्याचं गणित सरळ आहे. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. भार तोच राहणार, तेव्हा टेकणारं क्षेत्रफळ वाढवायचं. उंचवटा गादीत थोडा रुतला की आजूबाजूची मांडी आणि नितंबही टेकतात आणि भार वाटला जातो. पण फार रुतून चालत नाही. सगळी गादीच मऊ असेल तर धड मधोमध झोळीसारखं खाली जातं, मणका वाकतो आणि सकाळी खुब्याऐवजी कंबर धरते. खाली भक्कम गादी आणि वर दोन-तीन इंचांचा मऊ थर, म्हणजेच टॉपर, ही जोडी त्यासाठीच. खुब्याला बुडायला जागा मिळते, कमरेला आधार राहतो. मात्र खालची गादीच मधे बसलेली असेल तर टॉपर तिच्याच खळग्यात जाऊन बसतो. तिथे पैसे घालण्यात अर्थ नाही.

टॉपर कशाचा घ्यावा, इथे दुकानदार मेमरी फोमच्या तुकड्यावर पंजा दाबून दाखवतो. पंजाचा ठसा हळूहळू भरून येताना पाहायला मजा वाटते. हा फोम 1966 च्या सुमारास चार्ल्स योस्ट यांनी नासासाठी तयार केला, विमानातल्या आसनांकरिता. शरीराची ऊब लागली की तो मऊ पडतो आणि अंगाचा आकार घेतो, त्यामुळे दाब वाटण्यात तो खरोखरच चांगला. पण ज्या गुणामुळे ठसा राहतो, त्याच गुणामुळे कूस बदलताना आपणच केलेल्या खळग्यातून वर यावं लागतं, आणि ज्याला वळतानाच कळ येते त्याला हे जड जातं. शिवाय मुंबई-रत्नागिरीच्या दमट उकाड्यात तो अंगाला तापतो. नाशिकच्या डिसेंबरात, किंवा एसी 20 वर ठेवलेल्या खोलीत, पहिली काही मिनिटं उलट कडक लागतो.

लेटेक्स रबराच्या झाडाच्या चिकापासून बनतो. तो दाबला की लगेच उसळून येतो, म्हणून वळणं सोपं, आणि हवा खेळती असल्याने उकाडाही कमी. तो वजनाला भारी आणि खिशालाही. माझ्या मते वारंवार कूस बदलणाऱ्याने आणि किनारपट्टीवर राहणाऱ्याने आधी लेटेक्स पाहावा.

आणि कापूस? नुकतीच पिंजून भरलेली गादी खुब्याला फार बरी वाटते. पुढे कापूस बसतो, रोज जिथे कूस टेकते नेमका तिथेच खळगा पडतो आणि बाजूला गोळे होतात. पूर्वी पिंजारी दारावर यायचा तेव्हा याला उपाय होता. आता गादी पिंजायला न्यायची कुठे, इथूनच सुरुवात.

दुकानात ‘40 डेन्सिटी’, ‘50 डेन्सिटी’ असे आकडे फेकले जातात. त्याचा मऊपणाशी थेट संबंध नाही. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा टिकाऊपणाचा. मऊ-कडकपणा वेगळा मोजतात: सुमारे आठ इंच व्यासाची तबकडी फोममध्ये त्याच्या जाडीच्या 25 टक्के दाबायला किती जोर लागतो, त्यावरून. हा दुसरा आकडा आपल्याला क्वचितच सांगितला जातो. पहिला मात्र घरी तपासता येतो. 78 बाय 60 इंचांचा, 2 इंच जाडीचा टॉपर खरंच 50 डेन्सिटीचा असेल तर खोळ सोडून साडेसात किलोच्या वर भरायला हवा. काट्यावर साडेचार भरला, तर तो 30 चा आहे.

जाडी अंगवजनावर ठरते. 50 किलोच्या माणसाला 2 इंच पुरतात. 90 किलोच्या माणसाचा खुबा तेवढा थर पार दाबून खालच्या गादीला टेकतो, आणि टॉपर असून नसल्यासारखा होतो. ओळखायचं कसं? कुशीवर पडा आणि कुणाला तरी टॉपरखालून, खुब्याच्या बरोबर खाली, हात सरकवायला सांगा. हाड हाताला टोचलं तर थर कमी पडतोय. उताणं पडून दोन मिनिटांत ‘छान आहे’ म्हणणं व्यर्थ. आपण ज्या कुशीवर झोपतो त्याच कुशीवर पंधरा मिनिटं पडून पाहावं, लाज न बाळगता.

एवढं करूनही अर्धंच काम होतं, कारण टॉपर फक्त खालच्या खुब्याचं पाहतो. कुशीवर झोपलं की वरचा पाय पुढे घसरून गादीवर पडतो, गुडघा आत जातो आणि वरच्या खुब्याचे कंडरे त्याच उंचवट्यावर ताणून दाबले जातात. म्हणून तर दुखरी बाजू वर ठेवली तरी ती ठणकते. याला उपाय जाड उशीचा. ती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचली पाहिजे. नुसती गुडघ्यांत धरलेली छोटी उशी मध्यरात्रीपर्यंत पलंगाखाली गेलेली असते. घरात जुना लोड असेल तर तो उत्तम.

दिवसाही हाच दाब पडतो: पायावर पाय टाकून बसताना, लोकलच्या फलाटावर एका पायावर भार देऊन उभं राहताना. ऑस्ट्रेलियात अशा 204 रुग्णांवर झालेली चाचणी 2018 मध्ये ‘बीएमजे’त आली. कसं बसावं-झोपावं हे शिकवून नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम ज्यांच्याकडून करून घेतले, त्यांच्यापैकी सुमारे 77 टक्के आठ आठवड्यांत बरेच सुधारले. स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण 58 टक्के होतं आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत 29. टॉपर घ्याच, पण फिजिओथेरपिस्टकडे जाणं टाळण्यासाठी नको.

दुखणं बाहेरच्या अंगाला नसून जांघेत असेल, तर गोष्ट खुब्याच्या सांध्याची आहे. गादी बदलून ती सुटणार नाही. त्यातून कधीकाळी स्टिरॉइडचे मोठे डोस घेतले असतील तर हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, लवकर तपासून घ्यावं. पडल्यानंतर सुरू झालेलं, ताप किंवा वजन घटण्यासोबत आलेलं, किंवा पोटरीपर्यंत मुंग्या नेणारं दुखणंही आधी डॉक्टरांना दाखवावं.

बाकीच्यांनी टॉपरसाठी दहा-पंधरा हजार काढण्याआधी कपाटातल्या दोन जाड गोधड्या काढाव्यात. घडी घालून त्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत गादीवर अंथराव्यात, पायांत लांब उशी घ्यावी आणि आठवडाभर झोपून पाहावं. रात्रीची जाग कमी झाली तर दुखणं दाबाचं आहे, मग टॉपरचा खर्च बहुधा सार्थकी लागेल. काडीचा फरक पडला नाही, तर तेच पैसे तपासणीसाठी ठेवावेत.